काका, मेन पाडा!

मला राग लवकर येतो, हे अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या आमच्या कापड कारखान्यात गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळते. प्रिंटर अडला की नीलम, पासवर्ड विसरला की नीलम, आणि बाहेर वारा सुटून नेट हळू झालं तरी नीलमच जबाबदार. ते सगळं चालतं मला. पण त्या गुरुवारी ओमप्रकाशजींनी केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं ना, त्याने माझं डोकं असं सणकलं की विचारू नका.

ओमप्रकाशजी आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला जेसीबी लागतो.

"देखो नीलम," ते म्हणाले, "तुझं ते चॅट रोज दुपारी लटकते. काल सहा नंबर लूमवर ताण्याचे उभे धागे तुटले. ललितनं मेसेज टाकला, अन् फिटरले तो दिसला तवा अख्खा ताका खराब होऊन गेला होता. सोमवारपासून चॅट बंद. वॉकी-टॉकी आणून राहिलो मी."

"आन् ललित?"

"त्याले वॉकी-टॉकी कसा चालंल? थो आपला परत लूमवर. अच्छा कारागीर आहे, कारागीरच राहू दे त्याले."

मी दार आपटून बाहेर आले. मुद्दाम आपटलं.

ललितला जन्मापासून ऐकू येत नाही. मूळचा अंजनगाव सुर्जीचा. लूमवर बोटं टेकवली की थरथर कुठे बदलली ते त्याला कळतं. आणि खरं सांगू का, लूमशेडमध्ये एकदा मशिनी सुरू झाल्या की तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातवारे करतात, नाहीतर कानाशी तोंड नेऊन बोंबलतात. म्हणून तर मी ते कामाचं चॅट आणलं. शेडमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे, पण जागोजागी टेबलावर कॉम्प्युटर आहेत. कापडात दोष दिसला की कापड कॅमेऱ्यासमोर धरायचं, बटण दाबायचं, फोटो ललितच्या टेबलावर. त्याचा स्क्रीन लखलखतो, तो बघतो, फिटरला पाठवतो, झालं! सकाळी अकराला लागणाऱ्या दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर म्हणून त्याचं नाव मीच लावून धरलं होतं. भांडून भांडून एक महिन्याची ट्रायल मिळवली.

आणि नशीब बघा. ट्रायल सुरू झाली आणि त्याच आठवड्यात चॅट लटकायला लागलं. सकाळी मस्त चालायचं. दुपारी मात्र खिडकी पांढरीफटक व्हायची, गोल चक्र फिरत बसायचं आणि बऱ्याच वेळाने सगळे मेसेज एकदम धबाधबा येऊन पडायचे. तोवर कापडाचं वाटोळं. शेडमधले काही जण म्हणायला लागले की हा ललितचाच पायगुण. पायगुण म्हणे! मी एकाला तर तिथल्या तिथे सुनावलं की तुझ्या पायगुणाने कँटीनचा चहा पांचट झालाय, त्याचं बघ आधी.

केबिनमधून निघून मी सरळ ललितच्या टेबलाशी गेले. मी काही लिहायच्या आधीच त्याने टाईप केलं, "मले माहीत हाय. साहेबाचं तोंड काचेतून वाचलं मी."

मग माझ्याकडे बघून परत लिहिलं, "रडून राहिली काय?"

"नाई. चिडून राहिली," मी लिहिलं.

"मंग चिड ना. पण कामाले लाग."

असा माणूस! त्याची नोकरी टांगणीला लागलेली, आणि वर मलाच कामाला लावतो. पण बरोबर होतं त्याचं. शनिवारपर्यंत चॅट सुधारलं नाही तर त्याची खुर्ची गेली, इतकं सरळ होतं ते.

तसे उपाय मी आधीच सगळे करून बसले होते. ॲप काढून परत टाकलं. मशिनी बंद-चालू केल्या. केबली बदलल्या. नेटला शिव्या घातल्या, पण चॅट लटकलेलं असतानाही बाकीचं नेट धडधडीत चालायचं, म्हणजे त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आता उरलं होतं तरी काय?

दुपारी मी ऑफिसमध्ये डबा उघडून बसले होते. घास तोंडात, डोळे स्क्रीनवर. आणि बरोब्बर जेवणाच्या वेळी चॅट पांढरं पडलं. माझं पडलं, शेजारच्याचं पडलं, डिस्पॅचवाल्यांचं पडलं.

"गेलं बाप्पा!" मी ओरडले.

"माझं तर चालू आहे," पलीकडून आवाज आला.

प्रतीक्षा. हिशेब विभागात नुकतीच लागलेली मुलगी. कोणालातरी हसऱ्या बाहुल्या पाठवत बसली होती.

"काय म्हटलं?"

"माझं चालू आहे, मॅडम. माझं कधीच लटकत नाही."

"महिनाभर तू मला हे सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाही," ती घाबरून म्हणाली.

मी खरकट्या हातानेच तिचा लॅपटॉप ओढला. ओरडू की हिची पापी घेऊ, असं झालं होतं मला. तेच ॲप, तेच नेट, तीच वेळ. मग हिच्या मशीनमध्ये असं काय नाही, जे आमच्या सगळ्यांच्या मशीनमध्ये आहे? मी तिचं मशीन उघडलं, माझं उघडलं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

अकोला! हिच्याकडे अकोला नव्हतं!

सांगते. आमची कंपनी मूळ अकोल्याची. तिथे कापसाच्या गाठींचं मोठं गोदाम अजून आहे आणि गोदामाच्या ऑफिसात जुना सर्व्हर आहे. जुनी डिझाइनं, जुनी कागदपत्रं सगळी त्यात. आमच्या प्रत्येक मशीनवर तीन नेटवर्क ड्राइव्ह लावलेले आहेत. दिसायला ते आपल्याच मशीनमधले कप्पे वाटतात, पण त्यातला माल असतो अकोल्याला. प्रतीक्षाचा लॅपटॉप नवा, तिला ते ड्राइव्ह जोडायचे राहून गेले होते.

मी माझ्या मशीनवर ते कप्पे उघडायला गेले. वरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकायला लागली, सरकतेय, सरकतेय, आणि शेवटी तिन्ही ड्राइव्हवर लाल फुल्या!

"माय वं!" मी खुर्चीवरून उठलेच. चॅटला काही आजार नव्हताच! ते अकोल्याचं दार वाजवत होतं, आणि आतून कोणी ओ देत नाही तोवर येड्यासारखं तिथेच उभं राहत होतं. इकडे फिटरला द्यायचा मेसेज त्या चॅटच्याच खिशात!

लगेच अकोल्याला फोन लावला. तिथे शेषराव काका गोदाम सांभाळतात. फोन वाजून वाजून बंद पडला. थोड्या वेळाने लाल फुल्या आपोआप गेल्या, चॅट सुरू झालं, आणि काकांनी फोनही उचलला.

"काका, वीज गेली होती काय तिकडं?"

"नाई. वीज कुठी जाते?"

"मंग सर्व्हर काहून बंद पडला?"

"कोन्ता सर्व्हर? थो डब्बा? थो तं चालू हाय. घुर्र घुर्र करून राहिला."

मी फोन ठेवला आणि ठरवलं, आता डोळ्यांनीच बघायचं. शुक्रवारी सकाळीच अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत माझा पाय नुसता हलत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बहिनीले पाहाले जाऊन राहिली काय वं? डिलिव्हरी हाय काय?" मी म्हटलं, "हाव मावशी, तसंच समजा."

गोदामात पोचले तर शेषराव काका दारातच उभे. "जय भीम काका," म्हटलं. "जय भीम. तू तं लय तावातावानं आली वं पोरी," ते म्हणाले, आणि आधी पाणी दिलं. मी सर्व्हर बघितला. ठणठणीत. केबल बघितली, प्लग बघितला, सगळं जागच्या जागी. नांदगाव पेठला फोन केला तर चॅटही झकास चाललेलं. माझा चेहरा पडला. एवढी आले ती उगाच की काय?

मग जेवणाची वेळ झाली. काकांनी डबा काखेत घेतला, चप्पल घातली, भिंतीशी गेले आणि मेन स्विचचा दांडा धरून, खटॅक! खाली पाडला. पंखा थांबला. दिवा गेला. सर्व्हरची घुरघुर बंद.

मी अशी किंचाळले की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"काका! काय केलं हे?"

"जेवाले चाललो. लिंबाखाली."

"मंग मेन काहून पाडला?"

"कापसाच्या घरात मानूस नसला तं वीज नसते," काका म्हणाले, जसं काही मी विचारलं होतं की भाकर कशाची करतात. "जिनिंग मिलमधी असतानी पाह्यलं हाय मी. एक पंखा राह्यला होता चालू, मानूस नोता. आग लागली तं दोन रोज इझली नाई. तवापासून माहा नेम हाय. जेवाले गेलो का मेन पाडाचा, चहाले गेलो का मेन पाडाचा."

"म्हणजे दर दुपारी पाडता? मग याच्या आधी कसं चाललं सगळं?"

"याच्या आधी महादेवराव होता ना जोडीले. मी जेवलो का थो बसे, थो जेवला का मी बसे. मागच्या महिन्यात थो रिटायर झाला. आता एकटाच हावो मी."

मागच्या महिन्यात! मला तिथे गाठींवर चढून नाचावंसं वाटलं. ललितचा पायगुण म्हणे! अरे, महादेवराव रिटायर झाले म्हणून नांदगाव पेठला ताके खराब होत होते!

"काका, ऐका माझं. फक्त उद्याच्या दिवस मेन पाडू नका. एका पोराची सुपरवायझरी त्याच्यावर अडून राहिली."

"नाई."

"एकच दिवस!"

"नाई म्हन्लं ना. तुमचं चॅट लटकते म्हनून मी गाठी जाळू काय?"

"सर्व्हरपुरती वेगळी वायर ओढून देते."

"वायर म्हन्जे वायर. मानूस नाई तं वायरीत करंट नाई."

मी भांडले. म्हणजे खूपच भांडले. मोठ्या माणसाशी बोलायचं भान सुटलं माझं. काका शांतपणे लिंबाखाली बसले, डबा उघडला, ज्वारीच्या भाकरीवर ठेचा ठेवून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "आधी जेव. मंग भांड. उपाशीपोटी भांडनात दम राहत नाई."

बसले खाली. जेवले. आणि जेवता जेवता डोकं जरा थंड झालं तसं पटलंच मला. काकांचं गोदाम, काकांचा नेम, आणि तो बरोबर होता. त्यांनी मेन पाडला तरी नांदगाव पेठचं चॅट चाललं पाहिजे. अकोल्याचं दार वाजवत उभं राहायची त्याची खोडच मोडायची, बस. मी उठले, काकांच्या पाया पडले आणि एसटी स्टँडकडे पळाले.

शनिवारी दुसरी पाळी सुरू होताच ललितच्या मशीनपासून सुरुवात करून शेडमधल्या सगळ्या मशिनींवर बसले. तिन्ही ड्राइव्ह तोडून टाकले. मग मशीन सुरू होताना आपोआप ते परत जोडणारी जी आज्ञा होती, तीही काढली. त्यांच्या जागी अकोल्याचा एक साधा शॉर्टकट ठेवला. जुनं डिझाइन पाहिजे असेल त्याने त्यावर क्लिक करावं, तेव्हाच अकोल्याला जावं, नाहीतर कोणी त्या वाटेला जायचं नाही. मग शेडच्या दाराबाहेर येऊन फोन लावला.

"काका, मेन पाडा!"

"आँ?"

"मेन पाडा म्हणते ना!"

"आता जेवाची वेळ नाई झाली."

"जेवू नका. नुसता पाडा."

"कालच्याले म्हने पाडू नोको, आज म्हन्ते पाड. डोकं ठिकानावर हाय काय तुहं?" पण मला फोनमधून ते ऐकू आलं, खटॅक!

धावत आत गेले. ललितने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने फिटरला लिहिलं, "हाय काय?" लगेच उत्तर, "हाव." परत लिहिलं. परत लगेच उत्तर! अकोल्यात अंधार आणि इथे मेसेज पळतायत! मी त्या गोंगाटात एकटीच उड्या मारायला लागले.

तेवढ्यात चौथ्या टेबलावरून कापडाचा फोटो आला. आणि स्क्रीन पांढरीफटक.

मी उडी मारता मारता थांबले. ड्राइव्ह तर तोडले होते! मग हे कोणाच्या दारात जाऊन उभं राहिलं आता? ललितने कीबोर्डवरचे हात काढले. नुसता माझ्याकडे बघत होता, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

विचार कर नीलम, विचार कर. नुसतं लिहिलेलं गेलं. फोटो अडला. फोटो आला की चॅट काय करतं? कुठेतरी ठेवतं. कुठे ठेवतं? खिडकी सुटल्याबरोबर मी सेटिंग उघडलं, आणि ते तिथे होतं. आलेल्या फाइली ठेवायची जागा: अकोला. ओमप्रकाशजींचाच नियम होता तो. कंपनीचा कागद अकोल्यातच राहिला पाहिजे, म्हणून प्रत्येक मशीनवर त्यांनी तसं करून घेतलं होतं. सगळ्यांच्या मशीनवर, एक प्रतीक्षाचा लॅपटॉप सोडून!

फिटरच्या मशीनवर ती जागा बदलून आले आणि ललितच्या मशीनवर बदलत होते तर मागे कोणीतरी उभं. ओमप्रकाशजीच. कानाशी येऊन ओरडले, "ये क्या कर रही हो? फाइल अकोल्यात गेली पाहिजे. अकोल्याले विचारलं काय?"

"अकोला झोपून राहिला, साहेब!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. "फाइल आधी इथंच उतरंल. अकोला जागा झाला का तिकडं कॉपी होईल. तोपर्यंत आपण काहून ताटकळत राहाचं?"

ते काहीतरी बोलणार होते, पण त्याच वेळी ललितचा स्क्रीन लखलखला. सहा नंबर लूम. पुन्हा तेच, ताण्याचे धागे. कापडाचा फोटो चटकन उघडला, अगदी स्वच्छ. ललितने फोटोवर बोट फिरवलं, एक जागा गोल करून फिटरला पाठवली, लूम थांबवायचा निरोप दुसऱ्या टेबलावर टाकला, आणि लूम थांबला. फिटर पाना घेऊन पळत आला. ललितने मान वर केली नाही, तो पुढचा मेसेज बघत होता. ओमप्रकाशजी जाऊन कापड बघून आले. बोटभर खराब झालं होतं, तेवढंच.

मी एकामागे एक बाकीच्या मशिनी धरल्या आणि सगळ्यांच्या जागा बदलून टाकल्या. मध्येच काकांचा फोन आला म्हणून बाहेर पळाले.

"पोरी, मेन टाकू काय आता? पंखा बंद हाय, उकडून राह्यलं."

"नाई काका! अजून थोडं उकडा. पोराची नोकरी हाय."

"बरं," काका म्हणाले. "भाहीर बसतो मंग. पन थो पोरगा सुपरवायझर झाला का मले सांगजो."

ओमप्रकाशजी गेले नाहीत. ललितच्या टेबलामागे खुर्ची घेऊन बसले. अकोला बंद, आणि मेसेजवर मेसेज येतायत, जातायत, फोटो उघडतायत, शेडची हवा ओली ठेवणारा पाण्याचा फवारा कमी झाला तर तोही निरोप, बॉबिन संपल्या तर तोही. एकदाही खिडकी पांढरी झाली नाही. मी दारात उभी राहून नखं खात होते. शेवटी ते उठले, ललितच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर वाकले आणि एका एका बोटाने काहीतरी लिहायला लागले. इतका वेळ लावला की मला वाटलं राजीनामाच लिहितात.

शेडमधले सगळे स्क्रीन एकदम लखलखले.

"दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर : ललित. ट्रायल संपली. चॅट चालू राहील."

टाळ्या कोणाला ऐकू जाणार तिथे? लूमांच्या रांगांमधून सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली, सूत लागलेले, तेलकट, सगळे हात. पायगुणवालासुद्धा हलवत होता. ललित उठून उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि पटकन खाली बसला. त्याचे कान लालभडक झाले होते. माझ्या डोळ्यांना तर धारा लागल्या. मी तशीच दोन लूमांच्या मधल्या वाटेत उभी राहून नाक पुसत होते. आनंदाने मला काही सुचत नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा स्क्रीन लखलखला. ललितचा मेसेज होता, माझ्या नावाने.

"नीलम, मशीनच्या वाटंत उभी नोको राहू. बाजूले हो. हे सुपरवायझर सांगून राहिला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता, खरंच सांगत होता. मी डोळे पुसले आणि बाजूला झाले.